वॅट वाढले, चित्र तेवढंच

घरगुती सिने प्रोजेक्टर कोणी दुरुस्तीला आणला, की तक्रारीसोबत इलाजही तयार असतो. पडद्यावर मिणमिणतं दिसतं, जरा मोठा बल्ब टाकून द्या. यंत्र युमिगचं असो, बोलेक्सचं असो की एल्मोचं, मागणी बदलत नाही. माळ्यावरून उतरवलेली पेटी, तिच्यात आठ मिलिमीटरची तीन-चार रिळं, त्यातलं एखादं लग्नाचं, एखादं पहिल्या मुलाच्या बारशाचं, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा ते स्पष्ट बघायचंय. मागणी रास्त आहे. इलाज मात्र बहुतेक वेळा चुकीचा असतो. या कामात बरीच वर्षं गेल्यावर माझं मत असं झालंय, की अंधुक चित्राच्या कारणांमध्ये दिव्याचा नंबर अगदी शेवटचा लागतो. आणि दिवा बदलायचीच वेळ आली, तरी तो वॅट वाढवण्यासाठी बदलू नये. असं सांगितलं की मेकॅनिक काम टाळतोय असं लोकांना वाटतं. म्हणून हिशेब मांडून दाखवतो.

दीपनगरच्या माणसाला हा हिशेब खरं तर लवकर पटायला हवा. इथल्या भुसावळ औष्णिक वीज केंद्राचे 210 मेगावॅटचे संच 1979 आणि 1982 साली सुरू झाले, नंतर 500 मेगावॅटचे आले. संचाची निर्मिती खाली आली, तर तिथला कोणी शहाणा माणूस बॉयलरमध्ये आणखी कोळसा ओता म्हणत नाही. आधी कंडेन्सरचा व्हॅक्यूम बघतात, नळ्यांत साका बसलाय का ते बघतात, एअर प्रीहीटर गळतोय का ते तपासतात. जुन्या संचात कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो, हे ठाऊक असल्यामुळे गळती शोधणं हेच तिथलं निम्मं काम असतं. प्रोजेक्टरची अवस्था तर याहून बिकट. 100 वॅटच्या हॅलोजन दिव्यातले जेमतेम दहाच्या आसपास वॅट डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाचे, बाकी सगळी धग. त्या दहातलाही थोडासाच प्रकाश भिंगांतून, गेटमधून, शटरमधून वाट काढत पडद्यावर पोचतो. इतकी गळती असलेल्या यंत्रात तोंडाशी जास्त ओतून शेवटी फार काही हाती लागत नाही.

पहिली गळती काचेवर. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के प्रकाश माघारी फिरतो. दिव्याचा उजेड एकवटणाऱ्या प्रोजेक्टरच्या कंडेन्सरची दोन भिंगं आणि उष्णता अडवणारी एक काच, म्हणजे सहा पृष्ठभाग; सगळं लख्ख पुसलेलं असलं तरी तिथेच 22 टक्के प्रकाश जातो. त्यावर आपल्या भागातली धूळ. कोकणात भिंगांना बुरशी धरते, खानदेशात तो त्रास कमी. पण इथे वीज केंद्राची बारीक राख आहे, जळगाव-धुळ्याकडच्या जिनिंगांतला कापसाचा तंतू आहे, आणि वैशाखातल्या वावटळी आहेत. यंत्रातला पंखा हीच हवा ओढून दिव्यावर सोडतो, त्यामुळे दिव्यामागचा आरसा आणि कंडेन्सरची दिव्याकडची बाजू सगळ्यात आधी काळवंडते. ती बाजू बाहेरून दिसत नाही. लोक पुढची लेन्स पुसतात आणि यंत्र साफ आहे म्हणतात. जुन्या साध्या टंगस्टन दिव्यात आणखी एक गोष्ट घडते. तारेचा धातू उडून काचेच्या आतल्या बाजूला बसतो आणि बल्ब आतून धुरकट होतो. असा दिवा पेटतो, पण उजेड देत नाही. तिथे नवा दिवा जरूर टाकावा, पण त्याच वॅटचा.

दुसरी गळती व्होल्टेजची, आणि ती लोकांच्या लक्षातच येत नाही. टंगस्टनच्या तारेचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने घसरतो. ढोबळ नियम असा, की व्होल्टेज 5 टक्के उतरलं तर उजेड 16 टक्के उतरतो. 10 टक्के उतरलं तर 30 टक्के. घरात 230 ऐवजी 200 व्होल्ट येत असतील, तर उजेड 40 टक्क्यांच्या जवळपास कमी होतो, आणि खेड्यावर संध्याकाळी 200 व्होल्ट ही काही नवलाची गोष्ट नाही. शिवाय अनेक यंत्रांच्या पाठीमागे 110 पासून 240 पर्यंतचा व्होल्टेज निवडायचा खटका असतो. तो कोणीतरी सावधगिरी म्हणून 240 वर ठेवून दिलेला असतो आणि घरात मिळतात 220. एवढ्यावरच चौथा हिस्सा उजेड गेला. मग होल्डर. 12 व्होल्ट, 100 वॅटचा दिवा 8 अँपिअरपेक्षा जास्त करंट घेतो. होल्डरच्या पट्ट्या गंजून तिथे फक्त 0.05 ओहमचा अडथळा झाला, तरी 0.4 व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि पडद्यावर सुमारे 11 टक्के उजेड कमी पडतो. वर त्या होल्डरमध्ये साडेतीन वॅटची नवी शेगडी पेटते, ती पट्ट्या अजून ढिल्या करते. पट्ट्या घासून, त्यांचा ताण परत आणून आणि खटका योग्य जागी लावून जो फरक पडतो, तो पाहिल्यावर मोठ्या बल्बची मागणी बऱ्याचदा आपोआप मागे पडते.

आता मुख्य मुद्दा. समजा सगळं साफ केलं, व्होल्टेज चोख मिळतंय, तरीही दुप्पट वॅटचा दिवा टाकला तर दुप्पट उजेड मिळेल का? नाही, आणि याचं कारण प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्म दिव्यासमोर धरणाऱ्या खिडकीत आहे. सुपर-8 ची प्रोजेक्ट होणारी चौकट सुमारे 5.4 बाय 4 मिलिमीटरची; जुन्या स्टँडर्ड-8 ची त्याहून लहान. सगळा प्रकाश या तांदळाच्या दाण्याएवढ्या खिडकीतून जायचा असतो, आणि तोही अशा कोनात की पुढची लेन्स तो पकडू शकेल. त्यामुळे दिवा एकूण किती उजेड टाकतो यापेक्षा त्याच्या तारेचा प्रत्येक चौरस मिलिमीटर किती तेजस्वी आहे, हे महत्त्वाचं ठरतं. मोठ्या वॅटच्या दिव्याची तार मोठी असते. तिच्या कडेच्या भागाचा प्रकाश गेटच्या बाहेर, धातूच्या पट्टीवर पडतो आणि तिला नुसता तापवतो. यात्रेतल्या तंबू टॉकीजवाले 35 मिलिमीटरच्या यंत्रात कार्बनच्या कांड्या जाळायचे, ते याचसाठी. कार्बन आर्कचा पेटता बिंदू लहान आणि प्रखर, म्हणून मैदानातला मोठा पडदाही भरायचा. घरगुती यंत्रांत हाच विचार 1950 च्या दशकात आला. 1954 च्या युमिग पी-8 मध्ये 12 व्होल्टचा, फक्त 100 वॅटचा दिवा होता, आणि तो मेन्सवर चालणाऱ्या 500 वॅटच्या दिव्यांच्या पंगतीत जाऊन बसला. कमी व्होल्टच्या दिव्याची तार आखूड आणि जाड असते, ती अधिक तापमान सोसते आणि छोट्या जागेत मावते. वॅट पाचपट कमी आणि चित्र तेवढंच, हे ज्यांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी करून दाखवलं, त्यांच्याच यंत्रात आपण आज वॅट वाढवायला निघतो, हे जरा गमतीचं आहे.

जास्तीचे वॅट पडद्यावर पोचत नाहीत म्हणजे ते कुठेतरी मुरतात, आणि मुरतात ते फिल्मच्या आसपास. लहान यंत्रांत बहुधा एकच मोटर फिल्मही ओढते आणि पंखाही फिरवते. वीस-तीस वर्षं न चाललेल्या यंत्रात तेल सुकून डिंकासारखं झालेलं असतं, पट्टा कडक झालेला असतो, मोटर रखडत फिरते. म्हणजे पंखाही रखडत फिरतो. अशा यंत्रात जास्त वॅटचा दिवा घालणं यापेक्षा वाईट जोड नाही. भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. बाहेरची हवाच तापलेली असताना पंखा तरी काय गार करणार? त्यात फिल्म स्वतः म्हातारी. पत्र्याखालच्या माळ्यावर राहिलेली अ‍ॅसिटेटची फिल्म आकसते, तिला आंबूस व्हिनेगरचा वास येऊ लागतो, भोकांमधलं अंतर बदलतं आणि फिल्म ओढणाऱ्या नख्या तिला नीट पकडत नाहीत. रीळ मध्येच अडकतं. थांबलेल्या चौकटीवर प्रखर झोत पडला की क्षणात तपकिरी फोड येतो आणि चित्र वितळतं. लहान मापाची फिल्म पूर्वीच्या नायट्रेट फिल्मसारखा भडका घेत नाही, एवढंच समाधान. आणि घरगुती फिल्मची निगेटिव्ह नसते, हे लोकांच्या ध्यानात नसतं. ती बहुतेक रिव्हर्सल फिल्म असते. कॅमेऱ्यात जी पट्टी फिरली, तीच धुऊन प्रोजेक्टरवर चढते. दिवा, मोटर, लेन्स, सगळं कुठून ना कुठून मिळेल. ती पट्टी दुसरी नाही.

उजेड वाढवल्यावर आणखी एक अडचण येते, ती कोणी गृहीत धरत नाही. पडदा जितका उजळ, तितकी डोळ्याला लुकलुक जास्त जाणवते. हा फेरी आणि पोर्टर यांच्या नावाचा जुना नियम आहे. घरगुती यंत्रात तीन पात्यांचं शटर असतं. सेकंदाला 18 चौकटी म्हणजे 54 वेळा उघडझाप, 16 चौकटी म्हणजे 48 वेळा. मंद पडद्यावर 48 खपून जातात, प्रखर पडद्यावर डोळ्याला टोचतात. काही हौशी मंडळी उजेडासाठी शटरचं तिसरं पातं घासून काढतात. उजेड वाढतो हे खरं, पण 18 चौकटींवर उघडझाप 36 वर येते आणि दहा मिनिटांत डोकं दुखायला लागतं. दोन पाती 24 चौकटींच्या बोलपटाला चालतात, मूक घरगुती चित्रांना नाही. आणि घासलेलं पातं परत उगवत नाही.

मग उजेड कुठून आणायचा? सगळ्यात स्वस्त उत्तर लोकांना सगळ्यात कमी आवडतं: चित्र लहान करा. पाच फूट रुंद चित्र चार फुटांवर आणलं, तर तोच प्रकाश कमी जागेत पडतो आणि पडदा दीडपटीहून जास्त उजळतो. एवढी वाढ मिळवायला 100 वॅटच्या जागी 150 वॅट घातले तरी खात्री नाही. चुन्याच्या किंवा पिवळसर डिस्टेंपरच्या भिंतीऐवजी स्वच्छ पांढरा पडदा लावा, किंवा काचेच्या बारीक मण्यांचा जुना पडदा मिळाला तर समोर बसणाऱ्याला सुमारे दुप्पट उजळ दिसतं, कडेला बसणाऱ्याला कमी. लेन्स बदलता येत असेल, तर एफ 1.6 च्या जागी एफ 1.2 ची लेन्स पाऊणपट जास्त प्रकाश देते, आणि फिल्मवर एक वॅटचाही भार वाढत नाही. खोलीतली फट बुजवणं, दरवाजाखालचा उजेड अडवणं, हे तर फुकटच. चित्र फिकं दिसण्यामागे दिव्याइतकाच या फटींचा हात असतो, कारण बाहेरचा उजेड पडद्यावरचा काळा रंगच खाऊन टाकतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो खरा आहे. जुने 110 व्होल्टचे 500 किंवा 750 वॅटचे दिवे आता सहज मिळत नाहीत, मिळाले तर महाग पडतात, आणि त्यांचं ठरवलेलं आयुष्यच 25 तासांच्या आसपास. तेव्हा बदल करावाच लागतो. मान्य. पण तो करताना हिशेब वॅटचा नसावा. अशा यंत्रात आरशासकट येणारा 12 व्होल्ट, 100 वॅटचा किंवा 16 मिलिमीटरच्या यंत्रासाठी 24 व्होल्ट, 250 वॅटचा हॅलोजन बसवता येतो. त्याच्या आरशाचं कोटिंग दिसणारा प्रकाश पुढे फेकतं आणि बरीचशी धग मागे सोडून देतं, म्हणून फिल्मला झळ कमी लागते. हा आरसा आपला झोत ठरावीक अंतरावर एकवटतो. ते अंतर गेटशी जुळलं नाही तर मधोमध उजेडाचा डाग आणि कोपऱ्यांत काळोख, असं चित्र मिळतं. गिऱ्हाईक त्या डागाकडे बघून खूश होतं, हे या धंद्यातलं कडू सत्य. दिव्यासाठी ट्रान्सफॉर्मर वेगळा आणि बाहेर ठेवावा. यंत्रातल्या 50 वॅटला बांधलेल्या जुन्या वाइंडिंगवर 100 वॅट लादले की कागदी इन्सुलेशन जळतं. शिवाय बाजारात मिळणारे कितीतरी स्टेपडाऊन हे ऑटो ट्रान्सफॉर्मर असतात. ते व्होल्टेज उतरवतात, पण मेन्सपासून तोडत नाहीत. पत्र्याच्या अंगाच्या जुन्या यंत्राला त्यावर लावताना अर्थिंगकडे काणाडोळा करू नये. अर्थात, एवढी काळजी घेऊन झाल्यावर ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज मुद्दाम 5 टक्के कमी ठेवावं असं माझं मत आहे. उजेड थोडा घटतो, दिव्याचं आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं. त्याहून खाली मात्र जाऊ नये. बल्बची काच पुरेशी तापली नाही तर उडालेला टंगस्टन तारेवर परत नेणारं हॅलोजनचं चक्र नीट चालत नाही.

दुसरा आक्षेप तरुण मंडळींचा. एलईडी आहे ना, गार आणि प्रखर, मग हा जुना पसारा कशाला? एलईडीचा मला राग नाही. फिल्मला झळ कमी लागते, यंत्र सावकाश चालवता येतं, वीज किरकोळ लागते. पुढे हॅलोजनही दुर्मिळ होतील तेव्हा हाच मार्ग उरेल. पण बाजारातून 100 वॅटचा चौकोनी एलईडी आणून होल्डरच्या जागी चिकटवला की काम झालं, हा समज खोटा. त्याचा उजळणारा भाग वीसेक मिलिमीटरचा असतो आणि खिडकी पाच मिलिमीटरची. वर सांगितलेलं तारेचं गणित इथेही चुकत नाही. लहान पृष्ठभागाचा, तेजस्वी एलईडीच निवडावा लागतो. त्याला सपाट डीसी लागतो. स्वस्त ड्रायव्हरमधून सेकंदाला 100 वेळा हेलकावणारा प्रकाश आला, तर 54 वेळा उघडझाप करणाऱ्या शटरच्या दुप्पट लयीशी, म्हणजे 108 शी, त्याचा झगडा होतो आणि पडद्यावर सेकंदाला आठ वेळा लाट उठते. टंगस्टनची तार एवढ्या वेळात गार होत नाही, म्हणून जुन्या दिव्यात हा प्रकार उठून दिसत नव्हता. आणि रंग. साध्या पांढऱ्या एलईडीत गडद लाल रंग तोकडा असतो. लग्नाच्या फिल्ममधला शालू विटकरी दिसतो, कुंकू काळपट. कोडॅक्रोमची फिल्म टंगस्टनच्या उबदार उजेडासाठी घडवलेली होती. तिच्यासाठी लाल रंग नीट देणारा, उंच सीआरआयचा (म्हणजे रंग खरे दाखवणारा) एलईडीच घ्यावा, तो महाग असला तरी.

तिसरा आक्षेप संग्राहकांचा: जुन्या यंत्राला हातच लावू नये. त्यांची भीती समजते, पण न चालणारं यंत्र जपणं आणि चालतं यंत्र जपणं यात फरक आहे. माझी अट इतकीच, की केलेला बदल उलटवता आला पाहिजे. नवं भोक पाडायचं नाही, मूळ आरसा कापायचा नाही, शटरला कानस लावायची नाही. नवा होल्डर जुन्याच स्क्रूंवर पट्टी टाकून बसवता येतो. थोडी जास्त मेहनत पडते, एवढंच.

आणि शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार: रिळं स्कॅन करा, टीव्हीवर बघा, प्रोजेक्टर हवाच कशाला? याला मी विरोध करत नाही, उलट आधी स्कॅन कराच म्हणतो. चित्रपट जतन करणाऱ्या संस्थाही एकुलती मूळ प्रत प्रोजेक्टरवर चढवत नाहीत, आणि घरातली पट्टी तर मूळ प्रतच आहे. रंगाचं म्हणाल तर कोडॅक्रोम अंधारात उत्तम टिकते, प्रोजेक्टरच्या झोतात तेवढी नाही. महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजवाल्यांना फिल्म सोडून डिजिटल का धरावं लागलं, ते 2016 च्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात दिसतं. तिथे प्रश्न धंद्याचा होता. घरात प्रश्न वेगळा आहे. स्कॅन झाल्यावर मूळ रीळ वर्षातून एखाद्या वेळी, सणावाराला लावलं तर त्यात गैर काही नाही, फक्त ते फिल्मला झेपेल अशा उजेडात लावावं. स्कॅन हाताशी असलं की ‘अजून उजेड, अजून मोठं चित्र’ हा हट्टही सैल पडतो, कारण बारकावे टीव्हीवर निवांत बघता येतात आणि प्रोजेक्टरकडून मग तेवढीच अपेक्षा राहते, जेवढी त्याला बनवणाऱ्यांनी ठेवली होती.

यंत्र परत देताना सोबत एक डबी द्यावी: जुना दिवा, जुना होल्डर, काढलेले स्क्रू, आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत वायरिंगची आकृती, बसवलेल्या दिव्याचं व्होल्टेज आणि वॅट, ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टवर ठेवलाय ते, आणि फिल्म न चढवता चार फुटी चित्रावर लक्समीटरने घेतलेले पाच आकडे, एक मधला आणि चार कोपऱ्यांचे. पुढे केव्हा चित्र अंधुक वाटलं, तर त्या वेळच्या मेकॅनिकने आधी हे पाच आकडे पुन्हा घ्यावेत. मधला आकडा टिकून कोपरे उतरले असतील तर दिवा किंवा आरसा हललाय. पाचही सारखेच उतरले असतील तर व्होल्टेज मोजावं, होल्डरच्या पट्ट्या बघाव्यात, आणि कंडेन्सर काढून त्याची दिव्याकडची बाजू पुसावी.